हिमालयातील ओढे, ट्राऊट आणि पिसांची माशी

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावणारी तीर्थन नदी ट्राऊट माशासाठी प्रसिद्ध आहे. बंजार, नागिनी, गुशैणी या गावांच्या परिसरात नदीकाठी तंबूत मुक्काम करणारी कुटुंबे अलीकडे 'फ्लाय फिशिंग'कडे वळू लागली आहेत. मुख्य नदीपेक्षा तिला मिळणारे छोटे ओढे नवशिक्यांना अधिक सोयीचे असतात.

परदेशी पाहुणा

ट्राऊट मूळचा भारतीय नव्हे. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून १९०० च्या सुमारास ब्राऊन ट्राऊट काश्मीरमध्ये रुजला आणि तेथून १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आला. त्याला थंड व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो कासावीस होतो. सह्याद्रीच्या ओढ्यांत तो आढळत नाही, याचे कारण हेच.

तंत्र

सामान्य गळाला वजन व आमिष असते. येथे गळाभोवती पिसे व दोरा गुंडाळून कीटकाचा आभास निर्माण केला जातो. ही 'माशी' जवळजवळ वजनहीन असल्याने ती दूर नेण्याचे काम जाड, वजनदार दोरी करते. दोरीच्या टोकाला पारदर्शक, निमुळता धागा असतो व त्याला माशी बांधतात. अरुंद ओढ्यासाठी ७ ते ८ फुटांची हलकी काठी आणि ३ किंवा ४ क्रमांकाची दोरी पुरेशी ठरते. मागे झाडी असल्यास दोरी पाठीमागे न झोकता पाण्यावरूनच उचलून पुढे लोटावी लागते.

ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. त्यामुळे मासेमाराने खालून वर, म्हणजे माशाच्या पाठीमागून सरकावे. खडकांच्या आडोशाला, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे माशी अलगद सोडावी आणि प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. सावली पाण्यावर पडली किंवा दगड सरकला, तर मासा दिसेनासा होतो. मुलांना शांत राहण्याचा धडा याहून चांगला मिळणे कठीण!

हंगाम आणि परवाना

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राऊट पकडण्यास बंदी असते, कारण हिवाळ्यात मासे वाळू-खड्यांत अंडी घालतात. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात पाणी गढूळ व धोकादायक होते. राज्य मत्स्य विभागाचा परवाना आवश्यक असून किती व केवढे मासे ठेवता येतील, याचे नियम आधी समजून घ्यावेत. मासा सोडून द्यायचा असल्यास काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करून मासा धरावा आणि त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये.

पाण्याची चाहूल

तीर्थन आणि सैंज या नद्या लारजीजवळ बियासला मिळतात. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, खालच्या बाजूला बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पात्रात उतरू नये, हा त्या दुर्घटनेचा पहिला धडा. धरण नसलेल्या ओढ्यातही वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास क्षणात पूर येतो. पाणी गढुळले, काटक्या-पाला वाहू लागला किंवा आवाज वाढला, की तत्काळ काठ गाठावा. तंबू पात्रात न ठोकता उंचावर ठोकावा आणि मुलांना एकटे पाण्यात पाठवू नये.

दुधारी वारसा

ब्राऊन ट्राऊट हा शिकारी मासा. जगातील १०० सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव आहे आणि अन्न व जागेसाठी तो हिमालयातील देशी 'स्नो ट्राऊट'शी स्पर्धा करतो. दुसरीकडे, याच माशामुळे खोऱ्यात पर्यटन व रोजगार आला. तीर्थनवरील जलविद्युत प्रकल्पांना स्थानिकांनी विरोध केला, तेव्हा नदीच्या बाजूने मांडण्यासाठी ट्राऊटचा मुद्दाही हाताशी होता. ट्राऊट नव्या ओढ्यांत सोडू नये आणि गळाला देशी मासा लागलाच, तर तो पाण्यात परत सोडावा. सहलीला आलेल्या कुटुंबाला एवढे पथ्य सहज पाळता येईल.