निशाणी नांगर: मोडनिंबच्या मुलखातील हिशेबाच्या वहीचा इतिहास

१/१६
धंद्याचे खाते वेगळे ठेवा, पावती घ्या, पासबुक भरून आणा, महिनाअखेर ताळा करा. लहान दुकानदाराला बँकेत हमखास ऐकू येणारा हा उपदेश आधुनिक वाटतो. मात्र यांतील पावती आणि पासबुक या दोन गोष्टी एके काळी सोलापूर जिल्ह्यात कायद्याने लागू कराव्या लागल्या होत्या. त्यामागे एका जाळपोळीचा इतिहास आहे.

२/१६
मोडनिंब हे माढा तालुक्यातील, पुणे–सोलापूर रस्त्यावरचे गाव. बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी–पंढरपूर हा अरुंदमापी मार्ग १९०६ मध्ये सुरू झाला, तोही याच गावावरून गेला. बेभरवशाच्या पावसाचा हा मुलूख. इथे पीक वर्षातून एकदा हाती येई आणि गरज मात्र बारमाही असे. साहजिकच गावचा व्यवहार उधारीवर चाले आणि उधारी वहीवर.

३/१६
मराठी पेढीची वही मुळात अत्यंत शिस्तीची. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार मोडीत उतरवायचा: आलेली रक्कम जमा, गेलेली नावे. दिवेलागणीला मागील शिल्लक अधिक जमा, वजा नावे, असा आकडा काढायचा. ती श्रीशिल्लक. ती गल्ल्यातील रोकडीशी जुळली तरच दिवस संपला. पुढे कीर्दीवरून खतावणीत प्रत्येकाचे खाते भरायचे.

४/१६
या पद्धतीत एक उणीव होती. वही एकाच बाजूकडे असे. कुळाला मोडी वाचता येत नसे. कर्जरोख्याखाली तो सहीऐवजी खूण करी आणि लेखक तिच्याशेजारी लिही, ‘निशाणी नांगर’. ज्या अवजारावर त्याचे पोट, त्याचीच आकृती त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर त्याची संमती म्हणून उमटे.

५/१६
इंग्रजी राजवटीत या कागदाचे बळ वाढले. दिवाणी न्यायालय रोख्यावरचा आकडा प्रमाण मानी. तो आकडा कसा तयार झाला, हे क्वचितच विचारी. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत ठरली. जुने कर्ज अनंत काळ डोक्यावर राहू नये, हा हेतू. परिणाम नेमका उलटा झाला.

६/१६
मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या मुद्दलात मिळवी. उदाहरणादाखल १०० रुपये, दरसाल दर शेकडा २४ व्याज धरू. काहीच फेड झाली नाही, तर तीन वर्षांनी रोखा १७२ चा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा, नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चा. सरळ व्याजाने हाच आकडा ३१६ झाला असता.

७/१६
हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम तर आणखी कडक: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. म्हणजे १०० च्या कर्जावर फार तर २००. मात्र रोखा बदलताच जुने व्याज ‘मुद्दल’ ठरे आणि नियम निष्प्रभ होई. मधल्या काळात कुळाने धान्य घातले असले, तरी पावती नसल्याने ते सिद्ध करण्याचा मार्ग उरत नसे.

८/१६
अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे चढे भाव कोसळले. पुढे सारावाढीचा बोजा आला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. तो रोखे, हुकूमनामे आणि वह्यांवर होता. कागद मिळताच त्यांची होळी होई.

९/१६
वह्या जळाल्याने प्रश्न सुटला नाही. मात्र तो सरकारला दिसला. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. दंगलीची मुख्य धग सोलापूरबाहेर होती. कायदा मात्र माढा तालुक्यापर्यंत पोहोचला.

१०/१६
या कायद्याने न्यायालयाला रोख्यामागे जाण्याचा अधिकार दिला. पहिल्या व्यवहारापासून हिशेब उलगडायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, मुद्दलात मुरवलेले व्याज सबळ कारणाशिवाय मान्य करायचे नाही. शेतकऱ्याचे रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, असेही ठरले.

११/१६
त्याहून लक्षणीय होत्या तीन साध्या तरतुदी. शेतकऱ्याने रक्कम भरताच, त्याने मागितली नाही तरी, लेखी पावती द्यायची. त्याला वार्षिक हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क. आणि मागणी केल्यास पासबुकात खाते मांडून देण्याचे बंधन. म्हणजे वहीची एक प्रत पहिल्यांदाच कायद्याने दुसऱ्या बाजूच्या हातात आली.

१२/१६
हा कायदा निर्दोष नव्हता. अनेक सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेऊ लागले. शिवाय संरक्षण होते ते मुख्यत्वे शेतीवर उपजीविका करणाऱ्यांना. बाजारपेठेतला किराणा दुकानदार, कासार, शिंपी त्याच्या कक्षेबाहेर होता. त्याला आधार एकच: स्वतःची वही.

१३/१६
या वहीची किंमत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये दिसते. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य; मात्र केवळ तेवढ्यावर कोणावरही देणे लादता येणार नाही. दोन्ही अर्धी वाक्ये महत्त्वाची. आठवेल तेव्हा भरलेली वही ‘नियमित’ नव्हे. आणि नियमित वहीलाही पावतीची, साक्षीची जोड हवीच.

१४/१६
बँकेचे मोल इथे उमगते. १८८२ मध्ये टपाल बचत बँक सुरू झाली. लहान माणसाचे पासबुक आता सावकाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. १८९१ च्या बँकवही पुरावा कायद्याने बँकेच्या नोंदीची प्रमाणित प्रत प्रथमदर्शनी पुरावा ठरवली. घेणारा आणि देणारा यांच्यात तिसरी वही आली, आणि ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

१५/१६
आजच्या उपदेशाची मुळे अशी सापडतात. धंद्याचे खाते वेगळे ठेवणे म्हणजे घरखर्चाची उचलही लपून न राहणे. रोजची विक्री खात्यात भरणे म्हणजे नोंद ‘नियमित’ होणे. मासिक ताळा ही श्रीशिल्लकच. जुन्या कर्जावर नवे कर्ज घेताना मुद्दल किती आणि मिळवलेले व्याज किती, हे विचारणे म्हणजे १८७९ च्या न्यायालयाने विचारलेला प्रश्न स्वतः विचारणे.

१६/१६
१८७९ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. पुरावा कायद्याची जागा २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. नियमित वहीचा नियम मात्र तिथेही टिकून आहे. मोडनिंबच्या पेठेतला व्यवहार आज मोबाइलवर उमटतो, संमतीची खूण अंगठ्याच्या एका स्पर्शाने होते. न वाचता दिलेली संमती मात्र आजही ‘निशाणी नांगर’च असते.

(समाप्त)