बंद कारखान्याची जमीन: प्रदूषणाचा नकाशा कसा वाचावा?

कारखाना बंद पडला म्हणजे धोका संपला, असे नाही. भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना १९८४ च्या वायुगळतीनंतर बंद झाला. पण आवारात पुरलेल्या रासायनिक कचऱ्यामुळे जवळच्या वस्त्यांचे भूजल दूषित झाले.

नकाशा कसा तयार होतो?
जुने आराखडे आणि उपग्रहचित्रे पाहून कचऱ्याच्या संभाव्य जागा ठरवतात. जमिनीत सौम्य वीजप्रवाह सोडून पुरलेले साठे शोधतात. भोपाळला अशी पाहणी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केली. माती-पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ने तपासले. मग प्रत्येक नमुन्याची जागा, भूजलाची दिशा, वस्त्या आणि बोअरवेल एकाच नकाशावर मांडता येतात.

नकाशा काय सांगत नाही?
तुमच्या शरीरात किती रसायन गेले, हे नकाशावरून कळत नाही. दोन नमुन्यांमधला रंग हा अंदाज असतो. म्हणून लाल पट्ट्यात घर असले तरी घाबरू नका, आणि बाहेर असले तरी गाफील राहू नका.

तुम्ही काय करावे?
• बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या; अहवाल येईपर्यंत ते पिऊ नका.
• उकळल्याने जंतू मरतात. शिसे, पारा यांसारखे धातू जात नाहीत.
• मुलांना त्या जागेत खेळू देऊ नका. जेवणाआधी हात धुवायला लावा.
• डॉक्टरांना पत्ता, तिथे किती वर्षे राहता आणि पाणी कुठले पिता, हे सांगा. त्यावरून कोणत्या तपासण्या हव्यात ते ठरते.