बालेवाडीतून गेलेली एटीपी

पेण असो की रोहा, सिनर भारी की अल्कराझ यावर कट्ट्यावर तासभर वाद रंगतो. मी मध्येच विचारतो, आपल्या बालेवाडीचं काय झालं, आठवतंय का? 1997 पासून चेन्नईत होणारी एटीपी स्पर्धा 2018 मध्ये पुण्यात आली. त्या वर्षी जिल सिमाँ जिंकला, 2019 मध्ये केव्हिन अँडरसन. 2023 नंतर ही 250 दर्जाची स्पर्धा पुण्यातून गेली. देशात त्या दर्जाची दुसरी नव्हतीच. नुकसान प्रेक्षकांपेक्षा पोरांचं जास्त. घरच्या स्पर्धेत वाईल्ड कार्ड मिळतं. पुण्याच्याच अर्जुन कढेला तसं मिळालं होतं. आता त्या पातळीवरच्या एका सामन्यासाठीही परदेशाचं तिकीट काढावं लागतं. तेव्हा मंडळी, ‘आपला कोणी का नाही?’ म्हणण्याआधी हा हिशेब मांडा.