कषाय : हिरडा, वस्त्र आणि शाई

‘कषाय’ हा शब्द ऐकताच जैन श्रावकाला क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार विकार आठवतात. परंतु या शब्दाचा लौकिक अर्थ तुरट रस, झाडाच्या सालीचा वा फळाचा काढा असा आहे. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत, सहाव्या अध्यायात, आचार्य पूज्यपादांनी या दोन अर्थांची सांगड घातली आहे. वड आदी वृक्षांचा कषाय जसा चिकटण्यास कारण होतो, तसे क्रोधादी विकार आत्म्याला कर्म चिकटण्यास कारण होतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

हा दृष्टांत आजच्या रसायनशास्त्रालाही पटावा असा आहे. वनस्पतींतील तुरट द्रव्यांना टॅनिन म्हणतात. ती प्रथिनांना आणि धातूंना घट्ट धरून ठेवतात. पाने खाणाऱ्या कीटकांपासून व जनावरांपासून वृक्षाचे रक्षण होते ते याच गुणामुळे. लाळेतील प्रथिने बांधली गेली की जिभेला तुरटपणा जाणवतो. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. कातडे कमावण्याची क्रियाही याच गुणावर आधारलेली आहे.

जुन्नर, आंबेगाव आणि महाबळेश्वर परिसरातील रानांत मिळणारा हिरडा अशा द्रव्यांनी समृद्ध आहे. बेहडा व आवळा यांच्यासह तो त्रिफळा चूर्णात घराघरांत पोहोचला. वस्त्रोद्योगातही त्याला मानाचे स्थान मिळाले. आंध्रातील कलमकारीचे कारागीर सुती कापड हिरडा व दूध यांच्या मिश्रणात भिजवतात. सुताला धातूचे क्षार सहज धरत नाहीत; हिरड्याचे टॅनिन मध्यस्थी करते. मग तुरटीच्या साह्याने मंजिष्ठेसारख्या वनस्पतींचा तांबडा रंग बसतो आणि लोहाच्या द्रावणाने काळा उमटतो.

हीच क्रिया शाईतही घडते. हिरडा किंवा मायफळाचा काढा हिराकसात मिसळला की गडद काळी शाई तयार होते. मात्र तिच्यात उरलेले आम्ल व लोह कागदाचे तंतू हळूहळू जाळतात. अक्षरे तपकिरी होतात आणि पुढे अक्षरांच्या जागी भोके पडतात. याउलट काजळ, डिंक व बीजाबोळ यांची शाई कागदाला अशी इजा करीत नाही. मुनी पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी ‘भारतीय जैन श्रमण संस्कृति अने लेखनकला’ या गुजराती ग्रंथात शाई बनविण्याच्या जुन्या रीती नोंदवून ठेवल्या आहेत. कोणत्या शाईने लिहावे, हा लेखनिकासाठी केवळ सोयीचा प्रश्न नव्हता; श्रुताच्या आयुष्याचा प्रश्न होता.

या रोगावर आता उपाय आहे. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधक योहान नेवेल यांनी कॅल्शियम फायटेटचा उपचार सुचविला. तो लोहाला निष्प्रभ करतो. सोबतचे कॅल्शियम बायकार्बोनेट आम्ल शमविते. परंतु हे काम तज्ज्ञांचेच आहे. मंदिराच्या वा घरच्या कपाटातील पोथीत अक्षरांभोवती तपकिरी छटा दिसली, तर ती पाण्याने पुसू नये, चिकटपट्टी लावू नये. कोरड्या जागी आडवी ठेवून जाणकारांना दाखवावी.

जे द्रव्य अक्षर धरून ठेवते, तेच अक्षराचा आधार खाऊन टाकू शकते. कषायाचा हा स्वभाव आचार्यांनी आत्म्याच्या संदर्भात सांगितला. पोथ्यांच्या संदर्भात तो ओळखून वेळीच दक्ष होणे हे आजच्या श्रावकांचे कर्तव्य आहे.