ओळ कुठे संपते?

वर्ध्याजवळच्या सेगावात महात्मा गांधी १९३६ साली राहायला आले. त्यांना देशभरातून पत्रे येत. पण बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहेच. नावे जवळजवळ सारखी, त्यामुळे टपालाचा घोटाळा होई. अखेर १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. एकाच खुणेचे दोन अर्थ निघू लागले, की निरोप भलतीकडे जातो. संगणकावरच्या तक्त्यांत असाच घोटाळा आजही होतो.

एका शाळेची विद्यार्थी-यादी आम्ही संगणकातून उतरवून एक्सेलमध्ये घेत होतो. रकाने तीन: नाव, पत्ता, बँक खाते क्रमांक. विद्यार्थी चाळीस, पण शीर्षक सोडून ओळी भरल्या एक्केचाळीस! शोधल्यावर दिसले, की एका मुलीचा पत्ता दोन ओळींत लिहिला होता: वर 'मु. पो. सेवाग्राम', खाली 'ता. जि. वर्धा'. संगणकाने खालच्या ओळीला नवा विद्यार्थी मानले. 'ता. जि. वर्धा' हे त्याचे नाव झाले आणि खाते क्रमांक पत्त्याच्या रकान्यात जाऊन बसला. मुलीच्या नावापुढे खात्याची जागा रिकामी! याच यादीवरून शिष्यवृत्ती जमा झाली असती, तर तिचे पैसे अडकले असते.

कागदी रजिस्टरात हे होत नाही. चौकट आखलेली असते. तिच्यात पत्ता तीन ओळींत लिहिला तरी नोंद एकच राहते. मग संगणक का फसतो? त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९०१ साली डोनाल्ड मरे यांनी तारयंत्रासाठी नवी संकेतावली तयार केली. तिच्यात दोन वेगळ्या खुणा होत्या: एक छापणारा गाडा डावीकडे परत आणणारी, दुसरी कागद एक ओळ वर सरकवणारी. १९६३ च्या आस्की संकेतावलीत त्यांना अनुक्रमे १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. पुढे गाडा गेला, कागद गेला, पडदा आला. खुणा मात्र राहिल्या. युनिक्सने फक्त १० घेतला, जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३, तर एमएस-डॉस आणि विंडोजने दोन्ही.

तक्त्यातील माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी सीएसव्ही ही साधी फाईल वापरतात. तिच्यात दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो आणि नोंद संपली की नवी ओळ. अडचण इथेच आहे. पत्त्यातली नवी ओळ आणि नोंद संपल्याची नवी ओळ, दोन्हींची खूण एकच! एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबले, की चौकटीच्या आत हीच १० क्रमांकाची खूण बसते.

यावर उपाय आहे अवतरणचिन्हांचा. ज्या मजकुरात नवी ओळ किंवा स्वल्पविराम आहे, तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. मजकुरातच असे चिन्ह असेल, तर ते दोनदा लिहायचे. ऑक्टोबर २००५ मधील आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हा प्रघात लिहून ठेवला गेला. रजिस्टरातील आखलेल्या रेघेचे काम इथे अवतरणचिन्हे करतात.

पण फाईल लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या, दोन्ही प्रणालींनी हा नियम पाळला तरच उपयोग. खात्री नसेल, तर फाईल उतरवण्यापूर्वी पत्त्यातील नव्या ओळीच्या जागी एक मोकळी जागा घालावी. सेगावचे सेवाग्राम झाले, तसाच हा खूण बदलण्याचा मार्ग. आणि शेवटी नोंदी मोजाव्यात: जितकी मुले, तितक्याच ओळी.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. पाच मुलांच्या यादीत एकाचा पत्ता दोन ओळींत लिहून ती सीएसव्ही म्हणून साठवावी व साध्या मजकूर-संपादकात उघडावी. अवतरणचिन्हे दिसतील. ती पुसून फाईल पुन्हा तक्त्यात उघडली, की पाचाची सहा मुले होतात! सहावा कोण, हे मुलांनीच शोधावे.