एका चित्रकर्त्रीचें दप्तर

दप्तर म्हटलें कीं सनदा, तहनामे, कीर्द-खतावण्यांचे बंद आणि रुमालांत बांधलेलीं मोडी पत्रें डोळ्यांसमोर येतात. राजवाड्यांनीं वाड्यावाड्यांतून असे रुमाल हुडकले आणि १८९८ पासून त्यांतील कागद छापून काढण्यास आरंभ केला. तेव्हांपासून जुना कागद म्हणजे रद्दी नव्हे, एवढी जाणीव आपल्यांत रुजली. परंतु ती राजकारणाच्या कागदांपुरतीच राहिली. मुलांच्या पुस्तकांत ससे आणि उंदीर काढणाऱ्या बाईचेंही दप्तर असूं शकतें, तें कोणी जपावें आणि त्याची सूची करावी, ही कल्पना पुष्कळांना अजून हास्यास्पद वाटेल. आपल्या घरांत मुलांचें पुस्तक फाटेपर्यंत वाचलें जातें आणि मग रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतें. त्याचा चित्रकार कोण होता, हें पाहण्याची तसदी कोण घेतो? अशा एका दप्तराची कथा आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

बिआट्रिक्स पॉटर हें नांव ज्यांच्या घरांत इंग्रजी बालवाङ्मय येतें त्यांस अपरिचित नाहीं. निळा कोट घालून परक्याच्या मळ्यांत शिरणारा ससा, पीटर रॅबिट, हा त्यांचाच. ही कोणी प्रेमळ, सुखवस्तु आजीबाई असावी आणि नातवंडांना रमविण्यासाठीं तिनें हीं चित्रें सहज काढलीं असावीं, अशी समजूत सर्वत्र आहे. त्यांच्या मृत्यूनंतर जे कागद उजेडांत आले ते या समजुतीला बिलकुल आधार देत नाहींत.

यांतील सर्वांत मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. तो जमविणारे गृहस्थ लेस्ली लिंडर हे धंद्यानें एंजिनियर; साहित्याशीं वा चित्रकलेशीं त्यांचा व्यावसायिक संबंध कांहीं नव्हता. त्यांनीं चित्रें, पत्रें, हस्तलिखितें, छायाचित्रें वर्षानुवर्षें गोळा केलीं आणि १९७३ सालीं मरतांना हा दोन हजारांहून अधिक नगांचा सांठा संग्रहालयास देऊन टाकला. विद्यापीठांतल्या आम्हां लोकांना असल्या छांदिष्ट माणसांची थोडी थट्टा करण्याची खोड असते. पण दप्तरें बहुधा तेच वांचवितात.

पॉटरबाईंचा जन्म २८ जुलै १८६६ रोजीं लंडनच्या बोल्टन गार्डन्समधील घरीं झाला. आजोबांचा डर्बीशायरांत कापड छापण्याचा प्रचंड कारखाना होता. त्या कापडाला इंग्रजींत जें नांव आहे तें आपल्या कालिकतवरून पडलेलें. आमच्या विणकरांच्या पोटावर पाय आणणाऱ्या गिरण्यांच्या संपत्तींतच हें घराणें वाढलें, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वडील बॅरिस्टर, पण वकिलीवांचून त्यांचें अडत नसे. भाऊ बर्ट्राम शाळेस गेला. मुलीला घरींच शिक्षिका ठेवल्या. दोघां भावंडांनीं आपल्या खोलींत ससे, उंदीर, सरडे, वटवाघळें पाळलीं. एखादा प्राणी मेला कीं तो उकळून त्याचा सांगाडा काढावयाचा आणि हाडें नीट पाहून घ्यावयाचीं, हा त्यांचा नित्याचा उद्योग. आठ-नऊ वर्षांच्या या मुलीची १८७५ सालची एक वही दप्तरांत आहे. तींत सुरवंटांचीं चित्रें असून त्यांच्या संवयींचीं टिपणें आहेत. पुढें तिचा ससा कोट घालतो खरा, पण कोटाच्या आंत त्याचीं हाडें जागच्या जागीं असतात. इतर चित्रकारांचे कपडे ल्यालेले प्राणी बाहुल्यांसारखे कां दिसतात आणि हिचे कां दिसत नाहींत, याचें उत्तर त्या उकळलेल्या सांगाड्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां या दप्तरांतील अत्यंत विलक्षण वस्तूकडे वळूं. १९५२ सालीं पॉटरबाईंच्या सॉरी गांवच्या घरांत कागदांचा एक गठ्ठा सांपडला. अक्षर मुंगीसारखें बारीक, लिपि कोणाच्याही ओळखीची नाहीं. लिंडर यांनीं या कागदांशीं कांहीं वर्षें झुंज दिली, पण एक ओळ उलगडेना. आमच्याकडे मोडी न येणाऱ्यास मोडी कागद जसा अबोल असतो तसेंच हें. फरक एवढाच कीं मोडी शिकविणारा कोणीतरी भेटतो, आणि ही लिपि जाणणारी एकच व्यक्ति होती व ती वारली होती. १९५८ सालच्या ईस्टरच्या सोमवारीं लिंडर यांची दृष्टि एका पानावरच्या रोमन अंकांतील सोळा या आंकड्यावर आणि त्याजवळच्या १७९३ या सालावर खिळली. सोळावा लुई त्याच सालीं वधस्तंभावर गेला. शेजारचा शब्द देहान्त शिक्षेचा असला पाहिजे असा त्यांनीं तर्क केला, तो बरोबर निघाला, आणि त्या एका शब्दाच्या अक्षरांवरून सारी वर्णमाला सुटत गेली. १८८१ ते १८९७, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत, लिहिलेली ही रोजनिशी होती. ती १९६६ सालीं, शतसांवत्सरिक जन्मवर्षीं, छापून निघाली.

तींत गुपित तरी काय होतें? प्रेमप्रकरण नाहीं, कारस्थान नाहीं. पाहिलेल्या चित्रप्रदर्शनांवर निर्भीड मतें, वडिलांच्या मित्रमंडळींत चाललेल्या राजकारणाच्या गप्पा, आजीच्या आठवणी, प्रवास, आजारपण. एवढ्यासाठीं कुलुप कशाला, असें कोणी विचारील. आम्हांस तर यांतच सारा इतिहास दिसतो. ज्या घरांत ग्रंथ, रंग, गाडीघोडे यांपैकीं कशाचीही वाण नव्हती, त्याच घरांत तिशीच्या अविवाहित मुलीला नामांकित चित्रकाराविषयीं स्वतःचें मत उघड्या अक्षरांत लिहून ठेवण्याइतकी जागा वाटली नाहीं.

मग दुसऱ्यानें लाविलेलें कुलुप फोडून आंत डोकावण्याचा आपणांस अधिकार काय? हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पत्र लिहिणारा निदान एका वाचकाची अपेक्षा ठेवतो; सांकेतिक लिपींत लिहिणारा एकाचीही नाहीं. तथापि एक गोष्ट लिंडर यांच्या बाजूची आहे. मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस, १९४३ च्या नोव्हेंबरांत, पॉटरबाईंनीं एका पत्रांत या जुन्या लिखाणाचा उल्लेख केला आणि तें आतां आपल्यालाच वाचतां येत नाहीं अशी तक्रार केली. म्हणजे त्यांना त्याचा विसर पडला नव्हता. त्यांच्या घरांत शेगडी होती, आणि सेहेचाळीस वर्षें तो गठ्ठा तींत गेला नाहीं.

रोजनिशीच्या अखेरच्या वर्षांतील पानें अळंब्यांनीं भरलेलीं आहेत. स्कॉटलंडांतील चार्ल्स मॅकिन्टॉश नांवाचा एक टपालवाला फिरतीवर असतां रानांतील वनस्पति पारखीत असे. त्याच्याकडून नमुने मागवून, सूक्ष्मदर्शकाखालीं बीजाणु रुजवून, या बाईंनीं शेंकडों चित्रें काढलीं. मेहुण्याच्या नात्याचे नव्हे, तर आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को, प्रसिद्ध रसायनज्ञ, यांनीं धीर दिला. क्यू येथील सरकारी वनस्पति-उद्यानाच्या संचालकांनीं मात्र दाद दिली नाहीं. १ एप्रिल १८९७ रोजीं बीजाणूंच्या अंकुरणावरील त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें ठेवला गेला. स्त्रियांस तेथें प्रवेश नसल्यामुळें तो क्यूच्या जॉर्ज मॅसी यांनीं मांडला. पुढें तो परत घेण्यांत आला आणि नाहींसा झाला. सोसायटीनें शंभर वर्षांनीं, १९९७ सालीं, त्या वागणुकीबद्दल दिलगिरी प्रकट केली. अलीकडे कांहीं लेखक पॉटरबाईंस थोर शास्त्रज्ञांच्या पंक्तीस बसवितात; निबंधच हातीं नसतां इतकें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. चित्रें मात्र आहेत. त्यांनीं तीं अँबलसाइडच्या आर्मिट ग्रंथालयास दिलीं, आणि १९६७ सालीं अळंब्यांवरील एका शास्त्रीय पुस्तकांत त्यांपैकीं ५९ छापलीं गेलीं. तें पुस्तक काढणारे प्रकाशक फ्रेडरिक वॉर्न, म्हणजे पीटर रॅबिटचेच प्रकाशक.

त्या सशाचा जन्मही एका जपलेल्या कागदामुळेंच झाला. ४ सप्टेंबर १८९३ रोजीं त्यांनीं आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलास, नोएल मूर यास, सशाची गोष्ट चित्रांसह पत्रानें लिहून पाठविली. मुलानें तें पत्र ठेवलें होतें. पुढें पुस्तक करण्याचें मनांत आल्यावर बाईंनीं तें त्याच्याकडून उसनें मागून घेऊन उतरून काढलें. प्रकाशकांनीं नाकारल्यामुळें १९०१ च्या डिसेंबरांत स्वखर्चानें २५० प्रती छापल्या. १९०२ सालीं वॉर्न यांनीं रंगीत आवृत्ति काढली. पांच-सहा वर्षांच्या पोराला जें कळलें तें अनेक प्रकाशकांना कळलें नाहीं!

वॉर्न कंपनीशीं झालेला पत्रव्यवहार हा या दप्तरांतील वाचनीय आणि दुःखद भाग. छपाईचे रंग, पानांची मांडणी, सशाच्या कानाची रेघ असल्या बारीकसारीक चर्चेंतून नॉर्मन वॉर्न यांच्याशीं स्नेह वाढला आणि १९०५ च्या जुलैंत विवाह ठरला. प्रकाशक म्हणजे दुकानदार, म्हणून आईबापांनीं नाक मुरडलें. कापडावर धनाढ्य झालेल्या घराण्यानें! महिन्याभरांत नॉर्मन वारले. त्याच वर्षीं बाईंनीं सॉरी येथें हिलटॉप हें शेत घेतलें. १९१३ सालीं सॉलिसिटर हीलिस यांच्याशीं लग्न केलें. मग मेंढ्या आणि जमीन यांतच जीव रमविला. १९४३ च्या डिसेंबरांत त्या वारल्या, तेव्हां चार हजारांवर एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली.

बोल्टन गार्डन्समधील घर १९४० सालच्या बाँबवर्षावांत नष्ट झालें. कागद तेथें राहिले असते तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें. जे वांचले ते चार ठिकाणीं विखुरले आहेत. ग्लॉस्टरच्या शिंप्याच्या गोष्टीचीं मूळ चित्रें १९४६ सालीं टेट चित्रशाळेस मिळालीं. त्या गोष्टीसाठीं अठराव्या शतकांतील भरतकामाचीं जाकिटें पाहण्यास पॉटरबाई घराजवळच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत गेल्या होत्या. तेथील अधिकाऱ्यांनीं कपडे बाहेर काढून मेजावर पसरून दिले, याचा त्यांस फार आनंद झाला. टांका न् टांका त्यांनीं चित्रांत उतरविला. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट हें त्याच संग्रहालयाचें आजचें नांव. लिंडर यांचा सांठा आणि तीं जाकिटें आतां एकाच संग्रहालयाच्या मालकीचीं आहेत.