मो आमेर : पासपोर्ट नसताना देशोदेशी हसवणारा पॅलेस्टिनी

मोहम्मद आमेर, म्हणजे सगळ्यांचा ‘मो’, हा अमेरिकेतला स्टँड-अप कॉमेडियन आणि आता अभिनेता. जन्म १९८१ चा, कुवेतमधला. आई-वडील मूळचे पॅलेस्टाइनचे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि नऊ वर्षांच्या मोला घर सोडावे लागले. तो वाढला टेक्सासमधल्या ह्यूस्टनला.

चौदाव्या वर्षी वालिदांचा इंतेकाल झाला. पोरगा शाळा बुडवू लागला, नापास व्हायला लागला. तेव्हा इंग्रजीच्या बाईंनी त्याच्याशी सौदा केला : तू नियमित ये, मी तुला वर्गापुढे कॉमेडी करू देते. पोरगा यायला लागला! आपल्याकडे अशा मुलाच्या घरी चिठ्ठी जाते, फार तर दाखला हातात मिळतो. शिक्षकांनी हा किस्सा जरूर लक्षात ठेवावा.

पुढे ‘अल्लाह मेड मी फनी’ या कार्यक्रमात तो प्रीचर मॉस आणि भारतीय वंशाचे अझहर उस्मान यांच्यासोबत उभा राहिला. ९/११ नंतरचा तो काळ. मुसलमान नाव ऐकले की विमानतळावर वेगळ्या रांगेत उभे करायचे, आणि याच्याकडे तर पासपोर्टच नव्हता. निर्वासितांना मिळणाऱ्या प्रवासी कागदावर त्याने परदेश दौरे केले. परदेशी तळांवरच्या अमेरिकन सैनिकांनाही त्याने हसवले. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले ते २००९ मध्ये, म्हणजे आल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी.

अभिनयात त्याला ओळख मिळाली ती २०१९ च्या ‘रॅमी’ मालिकेतून. ‘ब्लॅक अॅडम’ हा मोठा हॉलिवूडपटही केला. पण खरे काम म्हणजे २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘मो’. रॅमी युसूफसोबत त्याने ती स्वतःच उभी केली. नायक कागदपत्रांविना अडकलेला, गाडीच्या डिकीतून नकली ब्रँडचा माल विकणारा, खिशात ऑलिव्ह तेलाची बाटली बाळगणारा. घरात अम्मीचा धाक, कोर्टात तारखांवर तारखा. हे सगळे आपल्याला फार परके वाटत नाही. मालिकेला पीबडी पुरस्कारही मिळाला. मात्र त्यात शिव्या आहेत, नशा आहे. लहान मुलांना घेऊन बसू नये.

दुसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यात हे कुटुंब शेवटी पॅलेस्टाइनला, आपल्या माणसांत पोहोचते. चेकपोस्ट येतात, जैतूनची झाडे येतात. कथा थांबते ६ ऑक्टोबर २०२३ ला. दुसऱ्या दिवशी काय झाले, हे पडद्यावर येत नाही.